आंब्याचा शीतप्रवास

संगमेश्वराच्या बाजारपेठेतून नदीकडे उतरले की शास्त्रीचे पात्र दिसते. उन्हाळ्यात ते इतके उथळ असते की येथे एके काळी गलबते लागत असत असे सांगितले तर शाळकरी मुले हसतात. परंतु ते खरे आहे. देशावरचा माल घाटाने खाली उतरावा, येथे गलबतावर चढावा आणि खाडीवाटे जयगडला जाऊन समुद्राला लागावा, असा या गावाचा जुना व्यापार होता. एकोणिसाव्या शतकात खाडी गाळाने भरत गेली. गलबते खाली फुणगूसपाशी थांबू लागली आणि संगमेश्वराचा धक्का नावापुरता उरला. पुढे किनाऱ्यावर आगबोटी आल्या. तेव्हाही आंब्याच्या करंड्या होडीतून जयगडला जात आणि तेथून आगबोटीने मुंबईस. म्हणजे आमच्या आंब्याला समुद्र नवा नाही. त्याला नवी आहे ती थंडी, आणि या व्याख्यानात आम्ही बोललो ते या थंडीविषयी.

आता मौज पाहा. शास्त्री नदी आजही जयगडलाच समुद्रास मिळते आणि तेथे २००९ पासून खोल पाण्याचे मोठे बंदरही उभे आहे. तथापि त्या बंदराचा व्याप मुख्यतः कोळशासारख्या सुट्या मालाचा. आमचा आंबा दुबईला जायचा असेल तर तो नदीकडे पाठ फिरवून, महामार्गाने अडीचशेहून अधिक किलोमीटर उत्तरेस न्हावाशेवा बंदरात जातो. त्याआधी बहुधा दक्षिणेस जातो, कारण धुणे, निवडणे, उष्ण पाण्याची प्रक्रिया आणि पूर्वशीतकरण या सोयी असलेले कृषि पणन मंडळाचे केंद्र रत्नागिरीस नाचणे येथे आहे. आंबा तिकडे जातो आणि मग मालमोटारीत बसून पुन्हा आमच्याच दारावरून मुंबईकडे निघतो. या उफराट्या प्रवासाबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. परंतु त्यात जो वेळ जातो तो आंब्याच्या आयुष्यातून वजा होतो, एवढे लक्षात असू द्यावे. पुढे त्याचा हिशेब करावयाचा आहे.

हा विषय आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. तो आम्हांला महागात पडून समजला. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या आम्ही काही बागायतदारांनी मिळून एक कंटेनर आखातात पाठविला. विमानाचे भाडे परवडेना, दलालाचा भाव पटेना, म्हणून समुद्राची वाट धरली. समुद्राचे भाडे विमानाच्या मानाने फारच थोडे, हे सर्वांना ठाऊक होते. फळ चांगले होते. परंतु दिवसभर तोड चालली, पेट्या दुपारच्या उन्हात भरल्या, ताडपत्री टाकून मोटार हाकली आणि बंदराशी कंटेनरात माल चढविला. कंटेनर किती अंशांवर ठेवावा हे कागदावर लिहून द्यावे लागते. आमच्यातील एकाने ८ लिहिले. त्याचे म्हणणे असे की नाशिकची द्राक्षे शून्य अंशावर युरोपात जातात, मग आंब्याला आठ म्हणजे काही फार नाही. थंडी जितकी अधिक तितका माल सुखरूप. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या.

पलीकडे कंटेनर उघडला तेव्हा आंबे टणक होते, हिरवे होते, आणि प्रथम सर्वांना आनंदच झाला. मग ते आंबे पिकावयास ठेवले. ते पिकले नाहीत. सालीवर राखी डाग पडले, डाग खोल गेले, रंग चढला नाही. देठाजवळ कुजले आणि पोटात आंबटच राहिले. बाजारात त्याला कोणी हात लावीना. आम्ही नुकसानभरपाईची भाषा सुरू केली तेव्हा जहाज कंपनीच्या माणसाने शांतपणे तापमानाची नोंद पुढे केली. कागदावर ८ लिहिले होते आणि कंटेनरने ८ इमानाने पाळले होते. भरपाई कसली? त्या वर्षी आमच्यातील दोघांनी पुढच्या वर्षाची फवारणी उधारीवर केली.

तेव्हापासून आम्ही या थंडीचा अभ्यास करू लागलो. प्रथम कळले ते हे की थंडी जहाजातून नेणे ही कल्पना जुनी आहे, आणि तिचा आरंभ थंडी आपल्याकडून बाहेर जाण्याने नव्हे तर बाहेरून आपल्याकडे येण्याने झाला. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तेथील गोठलेल्या तळ्यांवरील बर्फ कापून १८३३ साली 'टस्कनी' नावाच्या जहाजातून कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडावयाचे. आणि १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ कलकत्त्यास पोचला! यंत्र नव्हते, वीज नव्हती. केवळ लाकडाचा भुसा आणि दाट रचाई. लवकरच असा बर्फ मुंबईलाही येऊ लागला. सर जमशेटजी जिजीभाईंनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमान-पाहुण्यांना पडसे झाले, अशी त्या काळच्या वर्तमानपत्री चेष्टेची आठवण मुंबईच्या इतिहासात सांगतात. पडशाचे राहू द्या. बर्फाने शिकविलेली गोष्ट अशी की थंडी निर्माण करणे हे एक काम आणि आलेली उष्णता बाहेर अडविणे हे दुसरे. भुसा फक्त दुसरे काम करतो.

पहिले काम करणारे यंत्र जहाजावर चढले ते १८७० नंतरच्या दशकात. फ्रान्समधून 'फ्रिगोरिफिक' नावाचे जहाज १८७६ साली थंड केलेले मांस घेऊन आर्जेंटिनाकडे निघाले. पण या धंद्याचे खरे नशीब उघडले ते न्यूझीलंडच्या 'डनेडिन' जहाजाने. हे शिडाचे जहाज होते; थंडीच्या यंत्रासाठी मात्र त्यावर वाफेचे इंजिन बसविले होते. त्याच्या धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांनी शिडे पेट घेत. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी सुमारे पाच हजार मेंढ्या-कोकरांचे गोठविलेले मांस घेऊन ते पोर्ट चाल्मर्सहून निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोचले. तेथे एवढ्या मालातील एकच मेंढी टाकून द्यावी लागली.

त्या प्रवासातील एक प्रसंग आम्हांला फार शिकवून गेला. जहाज उष्ण कटिबंधात आले तेव्हा असे आढळले की यंत्र चालू आहे, थंड हवाही तयार होते आहे, परंतु ती कोठाराच्या सर्व भागांत फिरत नाही. कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या नळकांड्यात सरपटत शिरला आणि हवेला वाट करून देण्यासाठी त्याने जादा भोके पाडली. थंडीने तो तेथेच गारठून निपचित पडला. त्याच्या मागून सरपटत गेलेल्या सहकाऱ्याने पायाला दोरी बांधून त्याला ओढून काढले, म्हणून वाचला. थंडी असून उपयोग नाही, ती मालापर्यंत पोचली पाहिजे, हे त्या माणसाने जीव धोक्यात घालून दाखवून दिले. आम्ही मात्र पेट्यांची भोके एकमेकींसमोर न येतील अशी रचाई करून कंटेनर गच्च भरला होता.

आता यंत्राविषयी दोन शब्द. माठातले पाणी गार का होते हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. माठाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. कंटेनरच्या यंत्रात हेच घडते; भेद इतकाच की माठातून गेलेली वाफ परत येत नाही आणि येथे ती परत आणावयाची असते. सहज वाफ होणारा एक द्रव आतल्या नळ्यांत वाफ होतो व आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. पंप त्या वाफेला दाबून बाहेरच्या नळ्यांत नेतो, तेथे ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते. आणि फेरा पुन्हा सुरू. जहाजावर व बंदरात या यंत्राला विजेचा प्लग लागतो, रस्त्यावर डिझेलचे जनित्र. प्लग निघाला तर यंत्र म्हणजे लोखंडाची पेटी.

अशा पेटीतून जाणारा माल दोन जातींचा असतो आणि हा भेद न समजल्यामुळेच आमचे नुकसान झाले. एक जात गोठविलेल्या मालाची. रत्नागिरीहून जाणारी सुरिमी घ्या. मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील गद्रे मरीन या कारखान्याने हे उत्पादन रत्नागिरीस रुजविले. राणी मासा, जो आमच्याकडे एरवी फारशा मानाने ताटात येत नाही, त्याचे काटे-कातडे काढून मांस बारीक करतात, गार पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात, गोठताना त्यातील प्रथिने बिघडू नयेत म्हणून थोडी साखर मिसळतात आणि सपाट लाद्या करून झटपट गोठवितात. झटपट यासाठी की सावकाश गोठविले तर पाण्याचे मोठमोठे स्फटिक होऊन मांसाचे तंतू फाटतात. चटकन गोठविले तर स्फटिक बारीक राहतात. मग उणे १८ अंश किंवा त्याहून थंड ठेवले की हा माल महिनोन् महिने जसाच्या तसा राहतो. जपानात, युरोपात त्याच्या खेकड्याच्या चवीच्या कांड्या होतात. तो माल मेलेला आहे. मेलेल्याला थंडी जितकी अधिक तितकी बरी, हे आमच्या मित्राचे म्हणणे येथे अगदी खरे ठरते.

दुसरी जात जिवंत मालाची. तोडलेला आंबा मेलेला नसतो. तो श्वास घेतो, प्राणवायू घेऊन कर्बवायू सोडतो, आपल्यातली साखर जाळतो आणि उष्णता बाहेर टाकतो. त्याला गोठवून चालत नाही, त्याची फक्त चाल मंद करावयाची असते. द्राक्षही जिवंतच; परंतु ते मुळात थंड हवेत वाढणारे आणि वेलीवरून काढल्यावर अधिक न पिकणारे फळ. जेथे काढले तेथे त्याची कथा संपते, म्हणून शून्यापर्यंत नेले तरी सोसते. १९९१ साली 'महाग्रेप्स' ही संस्था निघाली आणि द्राक्षबागायतदारांनी एकत्र येऊन पूर्वशीतकरणाची केंद्रे व शीतगृहे उभी केली. तेव्हापासून नाशिककडचा हा व्यापार समुद्रावर स्थिर झाला. त्या यशाने आमच्यासारख्यांची दृष्टी दिपली. आंब्याला द्राक्षाचे कपडे घालावयास आम्ही निघालो.

आंबा उष्ण प्रदेशाचा. त्याची कथा तोडल्यानंतर सुरू होते: कच्चा उतरावयाचा आणि मग पिकवावयाचा. १२-१३ अंशांच्या खाली हापूस फार दिवस ठेवला की त्याला थंडी बाधते. हे का होते ते समजावयास खोबरेल तेलाची बाटली पाहावी. डिसेंबरच्या पहाटे ती थिजते. आंब्याच्या प्रत्येक पेशीभोवती एक अतितलम पडदा असतो आणि त्यात स्निग्ध द्रव्ये असतात. थंडीने ती थिजल्यासारखी होतात, पडदा ताठरतो, गळू लागतो आणि आतली सारी व्यवस्था कोलमडते. थंडीत असेपर्यंत हे दिसत नाही. फळ पुन्हा उबेत आले की डाग उमटतात. म्हणून पलीकडे कंटेनर उघडताना आम्ही हसलो आणि चार दिवसांनी रडलो.

हे ज्ञान काही कालपरवाचे नव्हे. १९३० नंतरच्या दशकात पुण्यास गणेशखिंडीच्या फळप्रयोग केंद्रात डॉ. चिमा आणि श्री. करमरकर यांनी निरनिराळ्या तापमानांत फळे ठेवून पाहिली होती, त्यांत आंबाही होता. आमच्या आजोबांच्या काळी पुण्यात जे छापून आले ते आम्ही संगमेश्वरात एक कंटेनर गमावून पुन्हा शोधून काढले. शोधाची ही रीत फार खर्चाची आहे.

बरे, तेरा अंश लिहिले असते म्हणजे सगळे निभावले असते काय? नाही. दुसरी चूक आधीच होऊन चुकली होती. कंटेनरविषयी सर्वत्र पसरलेला गैरसमज असा की तो माल थंड करतो. तो माल थंड करण्यासाठी बांधलेलाच नाही. थंड करून दिलेला माल थंड ठेवणे एवढेच त्याचे काम. येथे थोडा हिशेब करू. कंटेनरात १५ टन आंबा आहे असे धरा. पाव किलोचे फळ धरले तर पाच हजार डझन. दुपारी भरलेल्या फळाच्या पोटात ३२ अंश उष्णता असते. ते १३ अंशांवर आणावयाचे म्हणजे १९ अंश खाली. एक किलो आंबा एक अंश थंड करावयास सुमारे ०.९ किलोकॅलरी काढावी लागते. गुणाकार केला की अडीच लाख किलोकॅलरींहून अधिक होतात. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी घेतो. म्हणजे तीन टनांहून अधिक बर्फ वितळून जाईल इतकी उष्णता आम्ही आंब्याच्या पोटात भरून कंटेनरात चढविली होती! ट्यूडरच्या बर्फाची आठवण आम्हांला येथे झाली.

शिवाय आंबा स्वस्थ बसत नाही. तेरा अंशांवर मंदावलेल्या श्वासातूनही १५ टन आंबा साधारण दीड किलोवॅटचा, म्हणजे खोलीत लावतात तसा विजेचा हीटर रात्रंदिवस चालू ठेवावा इतकी उष्णता देतो. वीस अंशांवर हीच उष्णता दुपटीहून जास्त होते. गरम आंबा जोराने श्वास घेतो, जोराने श्वास घेतला म्हणून अधिक गरम होतो. पुन्हा तो इथिलीन नावाचा वायू सोडतो. आढीत एक पिका आंबा ठेवला की बाकीचे लवकर पिकतात हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. ते याच वायूचे काम. आमच्या कंटेनरच्या नोंदीत असे दिसले की पहिले तीन दिवस परतीची हवा वीस अंशांच्या वरच रेंगाळत होती आणि त्यानंतर ती आठावर येऊन बसली. म्हणजे आधी आम्ही आंबा उकडला आणि मग गारठविला.

कंटेनरातील हवेची वाट प्रत्येक बागायतदाराने एकदा आत उभे राहून पाहावी. जमीन सपाट नसते. तिच्यावर लांबच लांब पन्हळी असतात. थंड हवा यंत्रातून खाली या पन्हळींत सोडली जाते, ती पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. भिंतीवर वरच्या बाजूस तांबडी रेघ असते. तिच्यावर एकही पेटी रचावयाची नाही, कारण ती परतीची वाट आहे. पेट्यांना खाली-वर भोके हवीत आणि रचताना ती एकावर एक जुळली पाहिजेत. मागे मोकळी जागा सोडली की हवा मालातून न जाता तेथूनच वर पळते; आळशी माणसासारखी ती नेहमी सोपी वाट धरते. भिंतीवरचा एक छोटा झरोका किती उघडावयाचा हेही ठरवून द्यावे लागते. तो बंद राहिला तर कर्बवायू व इथिलीन आत कोंडतात, फार उघडला तर आत येणाऱ्या बाहेरच्या दमट उष्ण हवेशी यंत्र झगडत बसते. प्राणवायू मुद्दाम कमी राखणारे कंटेनरही निघाले आहेत. त्यांत आंब्याचा श्वास आणखी मंदावतो, पण भाडे वाढते.

आता दिवसांचा हिशेब. चांगला उतरवलेला, वेळेवर थंड केलेला हापूस तेरा अंशांवर तीन आठवडे, फार तर चार, धीर धरतो. न्हावाशेव्याहून आखातातील जेबेल अलीचा समुद्रप्रवास चार-पाच दिवसांचा. दोन्हीकडच्या बंदरांतील तिष्ठणे धरले तरी आठ-दहा दिवसांत फळ बाजारात येते. तेथे समुद्र हीच शहाण्याची वाट. लंडनला सुएझमार्गे तीन आठवडे लागतात. म्हणजे आंब्याचे सारे आयुष्य जहाजावरच जाते आणि दुकानदाराच्या हाती म्हातारे फळ पडते. त्यातच २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि २०२४ मध्ये बहुतेक मोठ्या कंपन्यांची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा-पंधरा दिवस वाढले. लोखंडाला, कापडाला दहा-पंधरा दिवस म्हणजे व्याज. आंब्याला म्हणजे मृत्यू. येमेनच्या किनाऱ्यावरचा बाण आमच्या बागेतल्या कलमाला लागतो तो असा.

अमेरिकेची गोष्ट आणखी निराळी. तेथे कीड जाऊ नये म्हणून फळावर किरणांचा मारा करावा लागतो. लासलगावच्या केंद्रात ही सोय झाली आणि २००७ साली जवळजवळ अठरा वर्षांनी भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार उघडले. आंबा गेला तो विमानाने. पुढे २०२२ च्या जूनमध्ये कृषि पणन मंडळ, अपेडा आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या प्रयत्नांतून सुमारे साडेसोळा टन आंब्याचा एक कंटेनर न्हावाशेव्याहून समुद्रमार्गे अमेरिकेस पाठविण्यात आला. प्रवास पंचवीस दिवसांच्या आसपास. काटेकोर केले तर हे होऊ शकते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. पण पंचवीस दिवसांचा प्रवास सोसणारे फळ बागेतच निवडावे लागते, आणि तेथेच आमचे घोडे पेंड खाते.

कारण जहाजावर दिवस वाचविणे आमच्या हाती नाही. सुएझ आमच्या हाती नाही. महामार्गाचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, तेही आमच्या हाती नव्हते. आमच्या हाती आहेत ते तोडीपासूनचे पहिले सहा-आठ तास. दूरच्या प्रवासाचे फळ चौदा आणे तयार असावे. सोळा आणे झाले तर वाटेत पिकते, बारा आण्यांवर उतरवले तर पिकताना सुरकुतते. पाण्यात टाकून पाहावे: बुडेल तो जून, तरंगेल तो बाजूला ठेवावा.  साका बाहेरून ओळखता येत नाही ही हापूसची जन्मखोड, आणि थंडीने ती सुधारत नाही. तोड झेल्याने करावी, देठ दोन-तीन सेंटिमीटर राखावा; देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो आणि तेथे पुढे काळा डाग पडतो. फळ जमिनीवर टेकू नये. हे सर्व आमच्या गड्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नव्हते ते उन्हाचे गणित, कारण मुंबईच्या पेटीला त्याची तितकी गरज कधी पडली नव्हती. मुंबईची पेटी वाटेत पिकली तर पाहिजेच असते.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा माल भरला. सगळे तयार नव्हते. ज्यांची उधारी फिटली नव्हती त्यांनी हात जोडले आणि आम्ही त्यांना आग्रह केला नाही. या खेपेस आम्ही प्रथम विकत घेतली ती एक साधी वस्तू: आंब्याच्या पोटात खुपसावयाचा थर्मामीटर. सकाळी सात वाजता झाडावरच्या फळाच्या पोटात २६ अंश निघाले. तेच फळ कातळावर उन्हात राहिले तेव्हा दुपारी दोनला ३६. कोणाला व्याख्यान द्यावे लागले नाही. गड्यांनी दोन्ही आकडे पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून तोड उजाडताच सुरू होऊन नऊला थांबू लागली. पेट्या मांडवात सावलीला भरल्या, दुपारच्या आत नाचण्याला पोचविल्या, तेथे पोटातले तापमान तेरावर आल्याशिवाय कंटेनरात एकही पेटी जाऊ दिली नाही. त्यासाठी एक रात्र अधिक गेली आणि मोटारीचे एक दिवसाचे भाडे बुडाले. कागदावर १३ लिहिले, झरोक्याचे माप लिहिले, पेट्यांत मधोमध एक तापमापक ठेवला.

नवव्या दिवशी तिकडून फोटो आले. रंग धरला होता. काही पेट्यांत साका निघाला, दोन पेट्या खालून चेपल्या होत्या आणि भाव आमच्या अपेक्षेपेक्षा कमी मिळाला, कारण त्याच आठवड्यात गुजरातचा केसरही बाजारात उतरला होता. भाडे, प्रक्रिया, दलाली वजा जाता डझनामागे जे उरले ते मुंबईच्या भावाहून थोडेच अधिक होते. तापमापकाची नोंद मात्र आम्ही छापून घेतली आहे. आरंभीचा एक छोटा उंचवटा आणि पुढे नऊ दिवस जवळजवळ सरळ रेघ. ती रेघ आणि आधीच्या वर्षीची वाकडी रेघ असे दोन्ही कागद आमच्या पडवीत भिंतीला शेजारी शेजारी लावलेले आहेत. ज्या बागायतदारांना समुद्राने माल पाठवावयाचा आहे त्यांनी येऊन पाहावेत. एप्रिलनंतर आम्ही घरी सापडत नाही, त्याआधी यावे.